साके शिकायची तर आधी फुशिमी

क्योटोत तीनच दिवस आहेत आणि साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, समजून घ्यायची आहे ना, मग एक अख्खी दुपार फुशिमीला, क्योटोतल्या साके कारखान्यांच्या भागाला द्या. केइहान लाइनने चूशोजिमा स्टेशनवर उतरा आणि पायीच फिरा. गेक्केइकान ही 1637 सालापासूनची साके बनवणारी कंपनी. तिच्या ओकुरा संग्रहालयात जुनी लाकडी पिंपं, अवजारं पाहून झाली की चवही घेता येते. सुरुवात इथूनच करा. साके कशी बनते हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचा प्रत्येक घोट कळायला लागतो. मग गोकोनोमिया देवळात जाऊन झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्या. फुशिमीची साके इतकी मऊ का लागते, त्याचं उत्तर त्या पाण्यात आहे.

संध्याकाळी फुशिमी साकागुरा कोजी या खाण्यापिण्याच्या गल्लीत बसा. परिसरातल्या अनेक साके कारखान्यांच्या छोट्या पेल्यांचा संच मिळतो. दोघांत एकच मागवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- साके शॉटसारखी घशात ओततात. साधारण 15-16 टक्के अल्कोहोल असतं हो! घोट घोट घ्या, सोबत तितकंच पाणी.
- थेट महागडी दाइगिंजो (खूप घासलेल्या तांदळाची साके) मागतात. आधी साधी जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली साके) घ्या, तांदळाची चव तिच्यात कळते.
- गरम साके म्हणजे हलक्या प्रतीची, असं धरून चालतात. एकच जुनमाई थंड आणि कोमट मागवून पाहा. मी साकेच्या प्रेमात पडलो ते अशाच एका कोमट पेल्यामुळे.

आवडलेल्या बाटलीच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. यीस्ट, तांदळाच्या जाती वगैरे पुढच्या खेपेला बोलू.