वाचकांचे प्रश्न : डेलावेअर नदी, नाताळची रात्र, १७७६

गेल्या अंकात नद्या ओलांडून झालेल्या हल्ल्यांवर लिहिताना अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. २५ डिसेंबर १७७६च्या रात्री सुमारे २,४०० सैनिक आणि १८ तोफा घेऊन ते डेलावेअर नदी उतरले आणि सकाळी ट्रेंटन गावातल्या हेसियन फौजेवर तुटून पडले. हेसियन म्हणजे इंग्लंडच्या राजाने जर्मन संस्थानिकांकडून भाड्याने आणलेले शिपाई. एवढ्या मजकुरावर इतके प्रश्न येतील असे वाटले नव्हते. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बर्फाच्या नदीत होडीच्या टोकाशी उभे असलेले वॉशिंग्टन आणि मागे झेंडा, हे चित्र शाळेच्या पुस्तकात पाहिले होते. नावेत असे उभे राहणारा सेनापती पहिल्यांदा पाण्यात पडेल! चित्र कितपत खरे? — एक वाचक, पुणे

चित्र इमान्युएल लॉइट्झ यांचे, १८५१चे. ते जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला रंगवले गेले आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात चुका आहेत, पण आपण धरली ती चूक नाही. उभे राहणे बरोबरच होते. ज्या नावांतून शिपाई गेले त्यांत बसायला फळ्या नव्हत्या आणि तळाला गोठत आलेले पाणी साचलेले असणार. त्यात कोण बसेल? नावेच्या बाजू उंच होत्या, त्यामुळे दाटीवाटीने उभे राहता येत होते.

चुकली आहे ती नाव. चित्रातली होडी इतकी लहान आहे की तेवढ्या माणसांनी ती बुडालीच असती. झेंडा तर सपशेल चूक, कारण तारे-पट्ट्यांचा तो झेंडा १४ जून १७७७ला ठरला. उजेडही चुकला आहे. सगळे उतरणे रात्रीच्या अंधारात झाले आणि अकराच्या सुमारास त्यावर गारा-बर्फाचे वादळ आले. चित्रात झेंडा धरून उभा असलेला तरुण म्हणजे पुढे अमेरिकेचे पाचवे अध्यक्ष झालेले जेम्स मन्रो. ते या मोहिमेत होते, ट्रेंटनला खांद्यात गोळी लागून मरता मरता वाचले. पण वॉशिंग्टन यांच्या होडीत त्यांना बसवले ते चित्रकाराने.

प्रश्न : आमच्या खाडीत पडाव बांबूने रेटतात. तिथल्या नावा कशा होत्या, किती माणसे मावत, आणि एवढी फौज किती फेऱ्यांत गेली असेल? — एक वाचक, दाभोळ

पडावाची उपमा चपखल आहे. मुख्य नावा होत्या डरहॅम बोटी, म्हणजे मालवाहू नावा. डेलावेअरच्या वरच्या अंगाला डरहॅम येथे लोखंडाची भट्टी होती. तिथले लोखंड आणि परिसरातले धान्य खाली फिलाडेल्फियाला नेण्यासाठी त्या बांधत. लांबी ४० ते ६० फूट, रुंदी सुमारे ८ फूट, दोन्ही टोके निमुळती, तळ सपाट. भरलेली नावही दोन-अडीच फूट पाण्यात चालायची, म्हणून खडकाळ, उथळ नदीला ती सोयीची. चालवायची रीत तुमच्यासारखीच : लोखंडी टोकाच्या लांब काठ्या तळाला टेकवायच्या, खांद्याने जोर द्यायचा आणि नावेच्या कडेच्या फळीवरून पुढून मागे चालत जायचे. मागे सुकाणूचे लांब वल्हे.

अशी एक नाव १५ टनांपर्यंत माल नेई. शिपाई बंदूक-झोळीसकट ९० किलोचा धरला तर ४० शिपाई म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. म्हणजे वजनाची अडचण नव्हती, जागेची होती. एका वेळी ४० धरले तर २,४०० माणसांना ६० फेऱ्या लागतात. नदी तिथे २५० ते ३०० मीटर रुंद. स्वच्छ पाण्यात ही काही मोठी गोष्ट नव्हे.

पण पाणी स्वच्छ नव्हते. वरच्या अंगाचा गोठलेला थर फुटून त्याचे तुकडे प्रवाहाबरोबर येत होते. काठीने रेटणाऱ्याला याचा त्रास दुहेरी. तुकडा नावेला आडवा बसला की प्रवाह नावेला आणि तुकड्याला मिळून खाली ढकलतो. शिवाय ज्या कडेच्या फळीवरून चालायचे तिच्यावरच पाणी गोठून काच होते. हे काम नवख्यांचे नव्हेच. ते केले कर्नल जॉन ग्लोव्हर यांच्या रेजिमेंटने. मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेड बंदरातले हे कोळी आणि खलाशी. त्यांत कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी खलाशीही होते. जोडीला नदीवरचे स्थानिक नावाडी होते.

नावा मिळाल्या कशा, हे कुणी विचारले नाही, पण सांगायला हवे. डिसेंबरच्या सुरुवातीला माघार घेताना वॉशिंग्टन यांनी नदीकाठच्या मैलोन् मैल टापूतल्या नावा गोळा करून पेन्सिल्व्हेनियाच्या, म्हणजे आपल्या काठाला आणवल्या होत्या. हेतू एवढाच की पाठलागावरच्या इंग्रजांना नदी ओलांडता येऊ नये. तीन आठवड्यांनी त्याच नावा हल्ल्याला कामी आल्या.

प्रश्न : माणसे ठीक आहे, पण तोफा आणि घोडे नावेतून कसे नेले? आणि इतक्या थोड्या फौजेला १८ तोफा कशाला? त्या मागे ठेवल्या असत्या तर वेळेत पोहोचले नसते का? — एक वाचक, अहिल्यानगर

पोहोचले असते. आपला तर्क बरोबर आहे. त्या रात्रीचा उशीर मुख्यतः तोफांनीच केला.

बेत असा होता की मध्यरात्रीपर्यंत सगळे पैलतीरी असावेत आणि पहाटे पाचला ट्रेंटनवर. प्रत्यक्षात शेवटची तोफ उतरली तेव्हा तीन वाजले होते आणि फौज चालू लागेपर्यंत चार. पुढे चौदा-पंधरा किलोमीटरची चाल. हल्ला झाला आठच्या सुमारास, म्हणजे उजाडल्यावर.

तोफा डरहॅम बोटीतून नेल्या नाहीत. तिथे उतारूंना रोज पैलतीरी नेणारी नावेची सोय, म्हणजे ‘तर’, होती : पेन्सिल्व्हेनियाकडे मॅकॉन्की यांचा धक्का, न्यूजर्सीकडे जॉन्सन यांचा. या तरींच्या नावा चपट्या, पेटीसारख्या, बैलगाडी किंवा घोडागाडी सरळ आत यावी अशा. टोकाची फळी काठावर टेकवायची, घोडे सोडायचे, गाडा हातांनी आत ढकलायचा, चाकांना अडणी लावायच्या. सहा पौंडी, म्हणजे सहा पौंडांचा गोळा फेकणारी, तोफ गाड्यासकट ८०० किलोच्या आसपास. फळी बर्फाने निसरडी, आणि नाव व धक्का यांच्यामध्ये बर्फाचा तुकडा घुसला की फळी काठाला पोहोचतच नाही. आधी तुकडा काठ्यांनी ढकलायचा, मग नाव पुन्हा लावायची. घोड्यांचे काम त्याहून अवघड. तळावर बर्फ आपटल्याचा आवाज झाला की जनावर बिथरते, आणि नावेत बिथरलेला एक घोडा सगळ्यांना बुडवू शकतो. हे सारे हाकत होते तोफखान्याचे प्रमुख हेन्री नॉक्स. युद्धाआधी हे गृहस्थ बोस्टनमध्ये पुस्तके विकत. वाऱ्यावर मात करणारा त्यांचा खणखणीत आवाज त्या रात्री कामाला आला, असे बरोबरच्यांनी लिहून ठेवले आहे.

पैलतीरी उतरून संपले नाही. वाटेत जेकब्स क्रीक नावाचा ओढा आहे, दोन्ही बाजूंना तीव्र चढ-उतार. तिथे घोडे सोडून, झाडांना दोर गुंडाळून, एकेक गाडा हळूहळू खाली सोडावा लागला आणि पलीकडे पुन्हा वर ओढावा लागला.

आता १८ का? तेव्हाच्या फौजा हजार शिपायांमागे दोन-तीन तोफा बाळगत. इथे हजारी सात-साडेसात पडतात. कारण पाऊस-बर्फात बंदूक दगा देते, तोफ बहुधा देत नाही. तोफेच्या तोंडात लाकडी बूच बसवता येते, कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकावर, झाकण बांधता येते, आणि कोरडे ठेवायचे असते ते एवढेच एक भोक. ट्रेंटनमध्ये दोन मुख्य रस्ते एका टोकाला येऊन मिळत. तिथे तोफा लावल्या आणि दोन्ही रस्ते एकाच जागेवरून मारात आले. हेसियनांना रस्त्यात रांग धरताच येईना. त्या तोफांपैकी काही अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या हाताखाली होत्या. पुढे ते अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री झाले. तेव्हा तीन-चार तासांचा उशीर ही तोफांची किंमत होती आणि आमच्या मते सौदा स्वस्तात पडला.

प्रश्न : भिजल्यावर बंदूक नेमकी कुठे अडते? — एक वाचक, कोल्हापूर

ही चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी, बंदूक. तिच्या घोड्याच्या, म्हणजे चापाने सुटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर आदळते, ठिणग्या खालच्या पेल्यातल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या थोड्या दारूवर, पडतात, रंजक पेटते आणि तिची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत जाते. भिजलेल्या बंदुकीत ही साखळी तीन ठिकाणी तुटते. पोलाद ओले असले की ठिणगी पडत नाही. रंजकेत ओल गेली की तिचा चिखल होतो, कारण दारूतला सोरा पाण्यात विरघळतो. आणि छिद्र त्या चिखलाने बुजले की वर रंजक पेटली तरी आत काही पोहोचत नाही.

उपाय तेव्हाही तेच : चापाच्या भागाला फडके किंवा चामडे गुंडाळायचे, सुईने छिद्र मोकळे करायचे, पेला पुसून नवी रंजक घालायची. गारांच्या माऱ्यात, बधिर बोटांनी, चालता चालता हे साधत नाही. वाटेत सेनापती सलिव्हन यांचा निरोप आला की बंदुका भिजल्या आहेत. वॉशिंग्टन यांनी उलट निरोप धाडला : संगिनी वापरा, ट्रेंटन घ्यायचेच आहे. गावात शिरल्यावर शिपायांनी घरांत घुसून पेले पुसले आणि खिडक्यांतून गोळीबार केला. हेसियनांच्या बंदुका उघड्यावर, वाऱ्याला तोंड करून. त्यांचे हाल अधिक झाले.

प्रश्न : तीन ठिकाणांहून नदी उतरायची होती म्हणे. बाकी दोघे का अडले? — एक वाचक, नागपूर

ट्रेंटनजवळ नदीला खडकांची पायरी आहे. समुद्राची भरती तिथपर्यंतच येते. वॉशिंग्टन उतरले ती जागा पायरीच्या वर, जिथे पाणी एकाच दिशेने वाहते आणि बर्फही वाहत जातो. बाकी दोघे पायरीच्या खाली होते. तिथे बर्फ न्यूजर्सीच्या काठाला थापून बसला. कर्नल कॅडवॅलडर यांनी काही पायदळ उतरवले, पण त्या थापलेल्या बर्फावरून तोफा काठाला नेता येईनात, म्हणून त्यांनी सगळ्यांना परत बोलावले. ट्रेंटनच्या अगदी समोर असलेले सेनापती ईविंग यांना तर उतरताच आले नाही.

याचा परिणाम मोजता येतो. ईविंग यांनी गावाच्या दक्षिणेचा असनपिंक ओढ्यावरचा पूल अडवायचा होता. तो मोकळा राहिला आणि काहीशे हेसियन त्यावरून निसटले. तरी सुमारे ९०० कैद झाले, २२ ठार. त्यांचा प्रमुख कर्नल योहान राल जखमी होऊन मेला. अमेरिकनांचा लढाईत एकही मेला नाही. चालीत दोघे गारठून गेले.

प्रश्न : नाताळची दारू पिऊन हेसियन पडले होते हे खरे का? — एक वाचक, मडगाव

नाही. आदल्या कितीतरी दिवसांच्या किरकोळ छाप्यांनी ते थकले होते, पुष्कळसे तर कपडे-पट्टे न उतरवता झोपत. त्यांना भोवल्या तीन गोष्टी. सांगूनही राल यांनी गावाभोवती मोर्चे बांधले नाहीत. २५च्या संध्याकाळी एका लहान अमेरिकन टोळीने चौकीवर गोळीबार केला; हल्ल्याची जी कुणकुण होती तो हाच, असे समजून सगळे सैल पडले. आणि वादळ पाहून पहाटेची गस्त रद्द झाली. ज्या वादळाने वॉशिंग्टन यांना उशीर केला त्यानेच तो उशीर झाकला.

प्रश्न : या मोहिमेतला कॉर्नवॉलिस आणि टिपूवर चालून आलेला कॉर्नवॉलिस एकच का? — एक वाचक, सांगली

एकच. डिसेंबर १७७६मध्ये हे इंग्रज सेनापती रजेवर इंग्लंडला निघाले होते. ट्रेंटनची बातमी येताच रजा रद्द झाली. २ जानेवारी १७७७ला त्यांनी वॉशिंग्टन यांना असनपिंकच्या काठी गाठले. सकाळी उरकू म्हणून ते थांबले. रात्री अमेरिकनांनी शेकोट्या जळत ठेवल्या, गाड्यांच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या आणि बगल देऊन ३ तारखेला प्रिन्स्टन मारले. पुढे हेच गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आले आणि पेशवे व निजाम यांच्या साथीने १७९२मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला तह करायला लावला.

प्रश्न : मुलाकडे न्यूजर्सीतल्या एडिसनला जात आहोत. ही जागा पाहता येईल का? — एक वाचक, ठाणे

येईल, गाडीने तासाभराच्या आत-बाहेर. दोन्ही काठांना उद्याने आहेत. पेन्सिल्व्हेनियाकडे मॅकॉन्की यांच्या धक्क्यावरची खाणावळ आणि डरहॅम बोटींच्या प्रतिकृती, न्यूजर्सीकडे जॉन्सन यांच्या तरीचे घर. मधला पूल अरुंद आहे; गाडी एका काठाला लावून चालत ओलांडा, नदीची रुंदी पायांना कळते. ट्रेंटनमध्ये जुन्या बराकीचे संग्रहालयही जोडून पाहता येते.

दर २५ डिसेंबरला दिवसाउजेडी हे उतरणे पुन्हा करून दाखवतात, आणि त्याआधी डिसेंबरातच एक रंगीत तालीम होते. पाणी फार चढले, फार उतरले किंवा वारा सुटला तर नावा काढत नाहीत, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. २०२६च्या नाताळला २५० वर्षे पुरी होतात, तेव्हा गर्दी धरून चला. मोजे लोकरीचे घ्या. काठावर वारा लागतो.