मोठ्या वर्गात 'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात, टेस्टला मात्र अडकतात. काय करावं?

तुम्ही एफ.वाय.बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवता. वर्गात ११० मुलं, बरीचशी मराठी माध्यमातून आलेली. तासाला 'हो मॅडम' ऐकू येतं, पण टेस्टमध्ये तीच संकल्पना जरा फिरवून विचारली की निम्मा वर्ग गडबडतो. प्रोजेक्टर, नोट्स, जादा तास सगळं करून झालं, आता काय, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. मुलं खोटं बोलत नसतात. फळ्यावर पायरीमागून पायरी उलगडताना पाहिली की आपल्याला कळतंय असं खरोखरच वाटतं. त्या जागी असा प्रश्न हवा की ज्याचं उत्तर प्रत्येकाला स्वतः ठरवावं लागेल आणि चुकलं तर तुम्हाला तिथल्या तिथे दिसेल.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांच्यापुढे हीच अडचण होती. अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या भाषेतल्या प्रश्नावर चुकत होती. त्यांनी १९९१ पासून 'पीअर इन्स्ट्रक्शन' (मुलांनीच एकमेकांना समजावून सांगणं) ही पद्धत वापरायला सुरुवात केली. तुमच्या वर्गाला ती चपखल बसते, कारण तिला कागदापलीकडे काही लागत नाही.

तासाचे सात-आठ मिनिटांचे तुकडे पाडा. एक मुद्दा शिकवून झाला की फळ्यावर एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ: चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूवर तो क्षणभर थांबतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? (अ) शून्य, (ब) ९.८ मी/से², खालच्या दिशेने, (क) ९.८ मी/से², वरच्या दिशेने, (ड) सतत बदलत असतं. दीड मिनिट पूर्ण शांतता. प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं. मग 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची, अ ला एक, ब ला दोन, आणि हात छातीशी धरून, म्हणजे मागच्या बाकाला दिसणार नाही. हात वर करायला सांगू नका. तसं केलं की वर्ग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघतो आणि तिच्यामागून हात वर जातात. बोटांऐवजी ए-फोर कागदाच्या चार चौकोनांत अ, ब, क, ड मोठ्या अक्षरांत छापून घड्या घालून घेतल्या तरी चालतं. ११० हात मोजत बसू नका, मधल्या दोन रांगा पाहिल्या की अंदाज येतो.

बरोबर उत्तर 'ब', पण बरेच जण 'अ' म्हणतील. वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथेच आपला हात शिवशिवतो आणि आपण बरोबर उत्तर सांगून टाकतो. ते करू नका. किती जणांनी काय निवडलं तेही सांगू नका. फक्त म्हणा, 'ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवून द्या.' तीन मिनिटं द्या. 'पटवून द्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसतं 'चर्चा करा' म्हटलं की मुलं गप्पा मारतात.

ही तीन मिनिटं मराठीत होऊ द्या. प्रश्न फळ्यावर इंग्रजीत असला तरी हरकत नाही. 'अगं, त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता ना!' हे वाक्य एखादीला इंग्रजीत सुचणं कठीण, मराठीत ते सहज निघतं आणि शेजारणीला लगेच पटतं. तुम्हाला हा विषय कळून इतकी वर्षं झालीत की तो न कळणं म्हणजे काय हे आठवत नाही. तिला मात्र दोन मिनिटांपूर्वीच कळलंय, म्हणून अडचण कुठे आहे ते तिला नेमकं माहीत असतं. तुम्ही बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. पुढच्या तासाला काय शिकवायचं ते तिथेच कळतं.

मग दुसऱ्यांदा बोटं, एखाद-दोघांना कारण विचारायचं आणि त्यानंतर तुमचं स्पष्टीकरण. शेवटी जुळा प्रश्न: झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण शून्य असतं का? शेजाऱ्याचं ऐकून बोट बदललेले इथे सापडतात.

चर्चा केव्हा करायची याचा ठोकताळा असा: पहिल्या मतात ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच. त्याहून कमी असतील तर चुकीचं उत्तरच पसरतं, तेव्हा मुद्दा पुन्हा शिकवा. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे जा.

ही पद्धत फसते ती बहुधा प्रश्नामुळे. 'न्यूटनचा दुसरा नियम कोणता?' यावर भांडायला काहीच नसतं. चुकीचा पर्याय खरा वाटला पाहिजे. तो मनाने रचू नका, गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा आणि मुलांच्याच चुका पर्याय म्हणून घ्या. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना हा द्या: उकळत्या पाण्यातल्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं? हवा, हायड्रोजन-ऑक्सिजन, वाफ की पोकळी? (वाफ.) आणि बोटांना गुण ठेवू नका. गुण आले की मुलं विचार सोडून शेजाऱ्याचं बघतात.

'अभ्यासक्रम कसा संपणार?' हा रास्त प्रश्न आहे. एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटं जातात, म्हणून तासाला दोन, फार तर तीन. तेवढा वेळ काढायला लांबलचक सिद्धता फळ्यावर उतरवणं थांबवा. तीन-चार पानं आदल्या दिवशी वाचायला द्या, आणि 'यातली कोणती ओळ कळली नाही?' हे तासाच्या सुरुवातीला चिठ्ठीवर लिहून घ्या.

पहिले काही आठवडे कुरकुर होईल: 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.' हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भौतिकशास्त्राच्या मुलांना अशा तासाला आपण कमी शिकलो असं वाटलं होतं, चाचणीत मात्र ती जास्त शिकलेली निघाली. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. प्राचार्यांनी विचारलं तर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांचे १९९८ चे आकडे दाखवा. ६२ वर्ग, सहा हजारांवर विद्यार्थी. बलाच्या संकल्पनांवरच्या चाचणीत सुरुवातीला जेवढं येत नव्हतं, त्यातलं नुसत्या व्याख्यानाने सरासरी २३ टक्के भरून निघालं, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

सगळे तास एकदम बदलू नका. एक घटक घ्या, गतिविज्ञान सगळ्यात बरं. त्यासाठी सहा प्रश्न लिहून काढा आणि दोन सहकाऱ्यांना सोडवायला द्या. तेही एखाद्या पर्यायावर अडखळले तर तो प्रश्न वर्गात न्या.