जैसलमेरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात पोरांना नेताय?

"सोलापूरचं ऊन सोसलंय, वाळवंट काय करणार?" असं म्हणू नका, दादा. डिसेंबर-जानेवारीत तिथं रात्रीची थंडी छळते. पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. पोरांना स्वेटर, कानटोपी हवीच. तंबू सम किंवा खुरी या गावांकडे मिळतात. समला गाण्यांचा गोंगाट फार, लहान मुलं असतील तर खुरीच बरं. चालायचं सकाळी, माणशी दोन-तीन लिटर पाणी घेऊन. बूट झटकून घाला, फुरसं हा विषारी साप तिथंही आहे. कडक भाकरी, शेंगा चटणी बांधून न्या, टिकते. उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, सगळं पाहायच्या नादी लागू नका. उद्यानातला सुदासरी भाग गाठा. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आता नशिबानंच दिसणारा माळढोक पक्षी तिथं दिसू शकतो. दिसला तर गाडीतूनच बघा, मागं धावू नका.