जुन्या लॅपटॉपमध्ये हायबरनेटचा पर्यायच दिसत नाही, आणि झाकण लावून ठेवला तरी बॅटरी उतरते. काय करावं?

लॅपटॉप भंगारात देऊ नका, एवढं आधी सांगतो. बहुतेक कोणीतरी जागा मोकळी करायच्या नादात तुमचं हायबरनेट (म्हणजे चालू काम डिस्कवर उतरवून लॅपटॉप पूर्ण बंद होणं) बंद करून ठेवलंय. आमच्या घरी हेच झालं होतं आणि करणारा माझा सख्खा मोठा भाऊ.

आम्ही नागपूरला महाल भागात राहतो. बाबा रिटायर्ड मास्तर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर (विंडोज 10, 8 जीबी रॅम) आजोबांच्या आठवणी टाइप करून राहिले होते. नोटपॅडमध्येच, वर्डमधली बटनांची गर्दी त्यांना नको वाटते. दिवाळीत दादा पुण्याहून आला, सी ड्राइव्ह भरून लाल झालेला पाहिला आणि पॉवरसीएफजी /एच ऑफ ही हायबरनेट बंद करायची कमांड मारून मोकळा झाला, वरून मला सांगितलं की हायबरनेटनं एसएसडी (लॅपटॉपमधली डिस्क) मरते, स्लीप पुरे आहे. जागा किती मिळाली? सव्वातीन जीबी. विंडोज 10 मध्ये हायबरनेटची फाइल साधारण रॅमच्या 40 टक्के जागा धरते, त्याहून जास्त मिळणारच नव्हती.

मग मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, कूलर बंद, घरात बसवेना, तर बाबांनी झाकण लावलं आणि गच्चीवर झोपायला गेले. सकाळी लॅपटॉप मेलेला. स्लीपमध्ये सगळं रॅममध्येच राहते आणि रॅमला करंट लागतो, बॅटरी संपली की संपलं. एरवी बॅटरी अगदी तळाला गेली की विंडोज सगळं डिस्कवर उतरवून हायबरनेटमध्ये जाते, तो रस्ताच दादानं बंद केलेला. सेव्ह न केलेली नऊ पानं गेली. आजोबा चिमूरचे, 1942 च्या ऑगस्टमधला चिमूरचा इंग्रजांविरुद्धचा उठाव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला, ते बाबांनी आठवून आठवून लिहिलं होतं. बाबा काहीच बोलले नाही, चष्मा पुसत बसले. दादा फोनवर म्हणे, जुना डबा आहे, नवा घेऊन देतो. अरे, डब्यानं काय केलं बाप्पा?

आता तुमचं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, आधी पॉवरसीएफजी /ए मारा. कोणती स्लीप चालते आणि कोणती काऊन नाही चालत ते तिथंच लिहून येते. हायबरनेट नुसतं बंद केलेलं असेल तर पॉवरसीएफजी /एच ऑन, झालं. ग्राफिक्समुळे अडलं असं आलं तर तुमच्या मॉडेलचा डिस्प्ले ड्रायव्हर टाका, कारण जुन्या मशीनवर विंडोज नव्यानं टाकलं की कधी कधी मायक्रोसॉफ्टचा साधा बेसिक ड्रायव्हरच बसतो आणि मग स्लीपही नाही, हायबरनेटही नाही. मग पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर हायबरनेट ठेवा आणि क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शनही हायबरनेट. तिथला क्रिटिकल लेव्हलचा आकडा 5 असेल तर 12 करा, हे महत्त्वाचं आहे. जुनी बॅटरी बरेचदा 5 पर्यंत नीट उतरतच नाही, त्याच्या वरूनच धाडकन शून्यावर येते आणि डिस्कवर लिहायला वेळच मिळत नाही. पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट काढून बघा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसते. आमची 48,000 mWh ची 19,000 वर आली होती. (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाका: powercfg /a, powercfg /h on, powercfg /batteryreport.)

आणि एसएसडी मरते म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. एका हायबरनेटला 3 जीबी धरा, दिवसातून दोनदा, म्हणजे वर्षाला साधारण 2.2 टीबी. माझ्या 240 जीबीच्या एसएसडीवर 80 टीबी लिहिण्याची हमी आहे. 36 वर्षं होतात! मी हे कागदावर मांडून फोटो दादाला पाठवला, त्यानं नुसता अंगठा पाठवला.

हो, एक राहिलं. टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगली आहे, मग यातलं काही करत बसू नका, चार्जर काढा आणि बॅटरी बदला. लिनक्स असेल तर गोष्ट वेगळी, स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) साधारण रॅमएवढा ठेवावा लागतो आणि बरेचदा ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) रिझ्यूमची ओळ टाकावी लागते.

बाबांनी ती पानं परत लिहायला घेतली आहेत. आता झाकण लावतात आणि कडेचा छोटा लाइट पूर्ण विझेपर्यंत तिथंच बसून राहतात, मग गच्चीवर जातात.