संशयित, आरोपी, नराधम : कोणता शब्द कधी?

डिचोलीहून एका वाचकाने विचारले आहे : लैंगिक अत्याचाराच्या बातमीत एकाच माणसाला 'संशयित', 'संशयित आरोपी' आणि 'नराधम' असे तिन्ही म्हटलेले दिसते. यातले बरोबर कोणते? आणि त्याचे वकीलपत्र घेणाऱ्याला 'गुन्हेगाराला वाचवणारा' म्हणणे योग्य आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. कामगार म्हणजे काम करणारा, तसा गुन्हेगार म्हणजे गुन्हा करणारा. निकालाआधी हा शब्द वापरला की निकाल आपणच दिला. 'आरोप' म्हणजे मुळात वर चढवणे, ठेवणे. बाहेरून ठेवलेली ती गोष्ट त्या माणसाला लागू पडते की नाही, हे पुढे ठरायचे असते. (काटेकोर व्याकरणाने 'आरोपित' हवे, पण 'आरोपी' मराठीत केव्हाच रुळला आहे, त्याला आता हात लावू नये.)

गोव्यातल्या मराठी बातम्यांत 'संशयित' सर्रास येतो, आणि मला तो आवडतो. न्यायशास्त्रात (म्हणजे कायद्यात नव्हे, प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात) संशयाचे ठरलेले उदाहरण आहे : 'स्थाणुर्वा पुरुषो वा'. अंधुक उजेडात समोर उभा आहे तो खुंट की माणूस? दोन शक्यतांमध्ये अडकलेले मन म्हणजे संशय. मराठीत मात्र 'संशय घेणे' म्हणजे एका बाजूला कललेले मन. खटल्यात हे दोन्ही अर्थ भेटतात. सुरुवातीला संशय माणसावर असतो, शेवटी न्यायाधीशांच्या मनात सरकार पक्षाच्या पुराव्याबद्दल वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा त्याच माणसाला मिळतो. 'संशयित आरोपी' ही जोडी मात्र अनावश्यक. आरोपपत्र दाखल होईपर्यंत संशयित, नंतर आरोपी, शिक्षापात्र ठरल्यावर दोषी, एवढे पुरे. कायदा गुन्हा नोंदल्यापासूनच आरोपी म्हणतो, म्हणून आधी 'आरोपी' लिहिले तरी चूक नाही.

आता 'बचाव'. हा शब्द 'वाचवणे'च्या इतका जवळचा आहे की बचाव पक्षाचा वकील म्हणजे शिक्षेतून सोडवून नेणारा, असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याचे काम आरोपाला उत्तर देण्याचे : साक्षीतली विसंगती दाखवायची, वैद्यकीय अहवाल तपासायचा, उलटतपासणी घ्यायची. आवडीच्या वकिलाकडून बाजू मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे, ऐपत नसेल तर मोफत विधी साहाय्य अनुच्छेद 39-अ मध्ये. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली रद्दबातल ठरवले. पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यात तर ही गरज वाढतेच, कारण 2012 च्या त्या कायद्याच्या कलम 29 नुसार काही गुन्ह्यांत, उलट सिद्ध होईपर्यंत, आरोपीनेच गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते. तिथे उत्तर देणारा कोणी नसेल तर ते गृहीतकच निकाल होऊन बसेल. म्हणून 'आरोपीची बाजू मांडणारा वकील' असे लिहावे. चार शब्द आहेत, पण खरे आहेत.

या बचावाला कुंपणही आहे. संमती होती हे दाखवण्यासाठी तक्रारदार स्त्रीचे चारित्र्य किंवा तिचे पूर्वीचे संबंध उकरता येत नाहीत, उलटतपासणीतही नाही. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद दालनात होते आणि पीडितेची ओळख छापणे गुन्हा आहे. आरोपीबद्दल शब्द जपून वापरणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे.

सर्वांत जास्त गोंधळ 'दोषमुक्त' करतो. खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोप निश्चित होण्याआधी सोडले, तरी बातमीत 'दोषमुक्त'. साक्षी-पुरावे होऊन निकाल लागला, तरी 'दोषमुक्त'. दुसऱ्यासाठी 'निर्दोष मुक्तता' हा रुळलेला शब्द आहे, तो तिथेच ठेवावा. पहिल्यासाठी 'खटल्याआधीच आरोपातून वगळले' असे सरळ लिहावे. 'सुटला' हे क्रियापद मथळ्यात नकोच. जाळ्यातून मासा सुटतो, कैदी सुटतो. त्यात निसटल्याचा वास येतो.

राहिला 'नराधम'. ही शिवी आहे, आणि शिवी कायद्याच्या कोणत्याच टप्प्याचे नाव होऊ शकत नाही. दोष सिद्ध झाल्यावर अग्रलेखात संतापाने कोणी लिहिले तर माझी हरकत नाही. अटकेच्या बातमीत तो चुकीचाच.