कुणबी चौकडीचा किल्ट

प्रश्न : कुणबी लुगड्याच्या तांबड्या-पांढऱ्या चौकडीचा टार्टन (स्कॉटिश पद्धतीचं चौकड्यांचं कापड) विणून किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा) शिवायचाय. कापड किती लागेल? सुती चालेल का? – वाचक, फोंडा

उत्तर : कल्पना सुंदर आहे, पण सुती नको. सुती निऱ्यांची घडी गोव्याच्या दमट हवेत तासाभरात मोडते. लोकरी ट्विलच (तिरप्या विणीचं कापड) घ्या, यार्डाला १० ते ११ औंस वजनाचं. स्कॉटलंडमधलं १६ औंसांचं इथे सोसवणार नाही. दुहेरी पन्ह्याचं ४ यार्ड घेऊन मधोमध उभं कापून जोडलं, की ८ यार्ड होतं.

विणण्याआधी चौकडीची पूर्ण आवृत्ती, म्हणजे सेट, सहा इंचांची ठरवा. निऱ्या घालताना खरी गोम इथेच असते. प्रत्येक निरीत एक अख्खा सेट जातो. पाऊण इंच दिसतो, सव्वापाच इंच आत दडतो. शिंप्याने नुसत्या टेपने समान निऱ्या मोजल्या तर मागे चौकडी तुटते. चौकडीतली रंगाची पट्टी पाहूनच टाचणी लावायला सांगा.

माप बेंबीच्या रेषेत घ्या, पँटच्या कमरेवर नव्हे. लांबी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत. पावसाळ्यात कपाटात कोंबू नका, बुरशी धरते.