पीएचपी की नोड?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येते. आता बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा भाग, शिकायचं आहे. मित्र म्हणतात पीएचपी संपली, नोड शिक. काय करू?

उत्तर : पीएचपी संपली, हे मी माझ्या पहिल्या नोकरीपासून ऐकतोय. १९९५ साली आलेल्या या भाषेवर वर्डप्रेस आणि विकिपीडिया आजही चालतात, त्यामुळे मित्रांचं हे कारण सोडून दे. तरी तू नोडच घे, कारण जावास्क्रिप्ट तुझ्या हातात आहे. २००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोमचं व्ही८ इंजिन वापरून ती ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर चालवून दाखवली, तेच हे नोड.

मात्र भाषा तीच असली तरी घर बदलतं. तिथे पान नाही, बटण नाही. फाइली आहेत, डेटाबेस आहे आणि एकदम येणाऱ्या शेकडो रिक्वेस्ट आहेत. तुझा कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, त्या सगळ्यांना सांभाळतो. डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत तो दुसऱ्याचं काम उरकतो, म्हणून निभावतं. मध्येच लांबलचक आकडेमोडीचा लूप लिहिलास, तर सगळेच खोळंबतात.

दुसरा फरक माझ्या चांगलाच अंगाशी आला होता. पीएचपीत साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्टला स्क्रिप्ट नव्याने सुरू होते, संपली की व्हेरिएबल पुसली जातात. नोडची प्रोसेस चालूच राहते. त्याच जुन्या सवयीने मी लॉगिन केलेल्याचं नाव ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलं. एकट्याने तपासलं तेव्हा सगळं छान! दोघांनी एकदम लॉगिन केलं आणि पहिल्याच्या पानावर दुसऱ्याचं नाव झळकलं.

म्हणून एक्स्प्रेस या नोडवरच्या तयार फ्रेमवर्ककडे लगेच धावू नकोस. आधी नोडच्या स्वतःच्या एचटीटीपी मॉड्यूलवर एक छोटी नोंदवही बनव : लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, बस. ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो, तेव्हा फॉर्म सर्व्हरवर पुन्हा तपास. आलेला मजकूर एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, थेट चिकटवू नकोस, पॅरामीटर वापरून तो वेगळा पाठव. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ पासवर्ड उलट काढता येणार नाही अशा रूपात, ठेव. मुलाखतीत फ्रेमवर्कच्या नावांपेक्षा या गोष्टींवर मी जास्त वेळ घालवतो.

ते जमलं की तीच नोंदवही पीएचपीत लिहून बघ, आणि किती दिवस लागले ते मला कळव.